चाळीस गॅलनांचं घर

आमच्या घरात ४० गॅलन पाणी मावतं, म्हणजे साधारण १५० लिटर. दोन मोठी माणसं, सात वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा, एवढ्यांच्या आंघोळी, स्वयंपाक, भांडी आणि संडास त्यात भागवायचे. घर तीस फूट लांब आणि आठ फूट रुंद. मागच्या टोकाला मुलांचे एकावर एक दोन बंक, पुढच्या टोकाला आमचा पलंग, मध्ये ओटा आणि जेवायचं टेबल. त्याच टेबलावर नवऱ्याचं ऑफिस. घराला चाकं आहेत आणि आमची डिझेल पिकअप ते ओढते. अमेरिकेत याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात आणि असल्या सगळ्या चाकांवरच्या घरांना मिळून आरव्ही. डॅलसच्या उत्तरेला आमचं चार बेडरूमचं घर होतं. ते विकून आम्ही यात राहायला आलो. सुट्टीपुरते नाही, कायमचे. दुसरं घर आम्हाला नाही.

लातूरला फोनवर हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे रोज फिरायला जाता?" रोज कुठलं! सोमवार ते शुक्रवार नवरा सकाळी हेडफोन लावून टेबलाशी बसतो तो संध्याकाळीच उठतो. मी लोकांच्या टॅक्सचे हिशेब बघते, तेही बहुतेक मुलं झोपल्यावर. कपडे धुवायचे असतातच, नखं कापायची असतातच, धाकट्याला भेंडी नकोच असते. फक्त खिडकीबाहेरचं दृश्य दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलतं आणि ते बदलण्यात एक अख्खा रविवार जातो. अशा लोकांना इथे 'फुल टायमर' म्हणतात. त्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ; पण लॅपटॉपवर पोट असलेली, कच्चीबच्ची घेऊन हिंडणारी कुटुंबंही आता सर्रास भेटतात. भारतीय मात्र क्वचित. मराठी चेहरा दिसलाच तर तो राष्ट्रीय उद्यानाच्या पार्किंगमध्ये, भाड्याच्या गाडीतून उतरताना.

त्याला कारण आहे, आणि ते आवडीनिवडीचं नाही. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाच्या कामाची जागा अर्जातच लिहिलेली असते. आज ॲरिझोना, उद्या युटा असं त्याला करता येत नाही. आमचं नागरिकत्व झालं त्यानंतरच हा विषय घरात निघाला. शिवाय चाकांवरच्या घरालाही सरकारदरबारी पत्ता लागतो. लायसन्स, मतदान, विमा, सगळं त्या पत्त्यावर चालतं. फुल टायमर बहुधा टेक्सस, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा निवडतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही. आम्ही मुळात टेक्ससचेच, तेव्हा ह्यूस्टनच्या उत्तरेचं लिव्हिंग्स्टन गाव आमच्या वाट्याला आलं. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ साली एस्केपीज नावाचा आरव्हीवाल्यांचा क्लब काढला. त्याची टपालव्यवस्था या गावात आहे. हजारो कुटुंबांची पत्रं तिथे येतात आणि ज्याचा मुक्काम जिथे असेल तिथे रवाना होतात. त्याच आवारात थकलेल्या फुल टायमरांची सोय केलेली आहे. म्हातारा माणूस आपल्याच गाडीत राहतो. जेवणखाण आणि देखभाल क्लबची संस्था बघते. तिथे थोरलीने आम्हाला विचारलं होतं, "तुम्ही पण इथेच येणार का?" नवरा म्हणाला, "तू येशील ना भेटायला?" तिने विचार करून "वीकेंडला" असं सांगितलं.

घर सोडताना जीव अडकला तो सामानात. ट्रेलरच्या दाराशी एक पिवळं स्टिकर असतं: आत किती किलो माल भरता येईल याची मर्यादा. टाकी भरली की नुसत्या पाण्याचंच दीडशे किलो वजन होतं. हिचवर, म्हणजे पिकअप आणि ट्रेलरच्या जोडावर, ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पडायला हवा. कमी पडला तर ट्रेलर महामार्गावर शेपूट हलवायला लागतो. म्हणून पहिल्या महिन्यात आम्ही ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर जाऊन उभे राहायचो, पावती घ्यायचो आणि काय कमी करायचं यावर वाद घालायचो. पितळी परात मैत्रिणीकडे गेली. कुकर, लोखंडी तवा आणि मसाल्याचा डबा राहिला. मुलांना प्रत्येकी एक क्रेट दिला: खेळणी त्यात मावतील तेवढी, नवीन हवं असेल तर जुनं द्यायचं. रडारड झाली, पण थोड्याच दिवसांत धाकटा दुकानात स्वतःहून म्हणू लागला, "नको, बॉक्समध्ये जागा नाही."

निघायच्या दिवशी कामं वाटलेली असतात. नवरा खाली जमिनीवर: जॅक, हिच, साखळ्या, ब्रेकची तार. मी आत: फ्रिजची कडी, कपाटांच्या खिट्या, काचेच्या बाटल्या टॉवेलमध्ये. थोरलीच्या हातात यादी आणि पेन्सिल. सगळ्यात शेवटी ती ट्रेलरच्या मागे जाऊन उभी राहते आणि दिवे तपासते. "डावा! उजवा! ब्रेक!" असं ती ओरडते तेव्हा आजूबाजूचे आजोबा कॉफीचे मग घेऊन बाहेर येतात. तिची खूण झाल्याशिवाय गाडी हलत नाही.

स्वयंपाक हा वेगळा अध्याय आहे. ट्रेलरमध्ये धुराचा अलार्म छताला आणि गॅसगळतीचा जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. छतावरचा अलार्म हिंग-मोहरीला ओळखत नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक फोडणी म्हणजे आग. त्यामुळे आमची फोडणी बाहेर, फोल्डिंगच्या टेबलावर, एका बर्नरवर होते. कोलोरॅडोतलं लेडव्हिल हे गाव ३,००० मीटरहून उंच आहे. तिथे पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळायला लागतं आणि डाळ नुसती फिरत राहते, शिजत नाही. शेजारच्या ट्रेलरमधल्या बाई दुपारपासून बीन्स रटरटवत बसल्या होत्या. आमच्या कुकरने सात-आठ शिट्ट्यांत त्या मऊ केल्या. त्यानंतर तिथल्या मुक्कामात आमची ओळख 'कुकरवाले' हीच होती.

आमचा मार्ग ऋतूंनी आखलेला असतो: उन्हाळ्यात वर, डोंगरांत, हिवाळ्यात खाली, वाळवंटात. गारठ्यात पाण्याचे नळ फुटतात, उन्हाळ्यात वाळवंटात पत्र्याच्या घरात माणूस राहू शकत नाही. त्यामुळे ऑक्टोबरात आम्ही न्यू मेक्सिकोत उतरतो. व्हाइट सँड्सच्या पांढऱ्या टेकड्या नेहमीच्या वाळूच्या नाहीत, जिप्समच्या आहेत. जिप्सम फारसं तापत नाही, त्यामुळे भर दुपारी मुलं तिथे अनवाणी पळतात आणि प्लॅस्टिकच्या तबकड्यांवर बसून घसरगुंडी खेळतात. शेजारी क्षेपणास्त्रांच्या चाचणीचा तळ आहे. चाचणी असली की रस्ता बंद. त्या दिवशी आम्ही गणिताचा तास घेतो.

तिथून पश्चिमेला, ॲरिझोनात, पेट्रिफाइड फॉरेस्ट. या जंगलातली झाडं आडवी आहेत आणि दगडाची आहेत. वीस कोटी वर्षांहून आधी वाहत आलेले ओंडके गाळात गाडले गेले, पाण्यातली सिलिका पेशीपेशींत झिरपली आणि लाकडाच्या जागी लाल, पिवळी, जांभळी गारगोटी तयार झाली. गाठी दिसतात, सालीच्या रेघा दिसतात, बोट लावलं की गार लागतं. खिशात टाकावा असा एखादा तुकडा पावलोपावली पडलेला असतो आणि नेमकी त्याचीच बंदी आहे.

तरी लोक उचलतात. मग घरी गेल्यावर काहींचं मन खातं, काहींच्या मागे लागोपाठ संकटं लागतात आणि तो दगडाचा शाप आहे असं त्यांना वाटतं. असे लोक दगड टपालाने परत पाठवतात, सोबत माफीचं पत्र. उद्यानाच्या संग्रहालयात त्यातली काही पत्रं मांडली आहेत. काही लहान मुलांच्या अक्षरातली आहेत, म्हणून थोरलीने ती अडखळत का होईना वाचली. परत आलेल्या दगडांचं काय करतात, हा तिचा प्रश्न. ते पुन्हा मैदानात ठेवत नाहीत, कारण कुठला दगड कुठून उचलला हे कुणालाच ठाऊक नसतं आणि चुकीच्या जागी ठेवला तर शास्त्रज्ञांची दिशाभूल होईल. म्हणून त्यांचा एका बाजूला ढीग केला आहे.

धाकटा हे ऐकत होता. "सॉरी म्हटलं तरी तो आपल्या घरी नाही जाऊ शकत?"

"नाही."

त्याने खिसे उलटे केले. आदल्या रात्रीच्या मुक्कामावरची साधी खडी निघाली. तीही त्याला तिथेच टाकायची होती. ती इथली नाही, म्हणून इथेही टाकता येणार नाही, हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. शेवटी खडी बरोबर घेऊन आम्ही रेंजरसमोर उभे राहिलो. राष्ट्रीय उद्यानांत 'ज्युनिअर रेंजर' नावाचा उपक्रम असतो: पुस्तिका घ्यायची, झाडं-प्राणी-खडक बघत ती भरायची, रेंजरला दाखवायची, उजवा हात वर करून शपथ घ्यायची, मग बिल्ला मिळतो. गर्दी नसेल तर रेंजर प्रत्येक उत्तर विचारतात. आमच्या मुलांची भूगोल-भूशास्त्राची शाळा हीच. वर्षाच्या ८० डॉलरच्या पासात सगळं कुटुंब आत जातं, आणि मूल चौथीत गेलं की त्या वर्षी तेवढेही लागत नाहीत.

पेट्रिफाइड फॉरेस्टच्या उत्तरेला नावाहो या मूळनिवासी लोकांचा प्रदेश सुरू होतो. सत्तर हजार चौरस किलोमीटरचा. इथे पहिली फजिती होते घड्याळाची. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. त्याच राज्यातला नावाहो प्रदेश करतो. त्या प्रदेशाच्या पोटात होपी लोकांचा प्रदेश आहे, तो करत नाही. एका दुपारच्या प्रवासात फोनचं घड्याळ दोनतीनदा पुढे-मागे उडी मारतं. नवऱ्याने टेबलावर डॅलसच्या वेळेचं एक साधं घड्याळ चिकटवून टाकलं आहे. मीटिंग त्यावर, जेवण सूर्यावर.

दुसरी गोष्ट पाण्याची. एका गावाबाहेर पाणी भरून घ्यायचा नळ आहे असं कळलं म्हणून आम्ही गेलो. पुढे पिकअपची रांग होती. प्रत्येकीच्या मागच्या हौद्यात पांढरी प्लॅस्टिकची टाकी, आमच्या टाकीच्या पाच-सहापट. एक आजी नळी धरून उभ्या होत्या, नातू टाकीवर चढून झाकणाशी लक्ष ठेवत होता. थोरलीने कुतूहलाने विचारलं, "यांचा आरव्ही कुठे आहे?"

आरव्ही नव्हता. ते पाणी घरी जाणार होतं. नावाहो प्रदेशात सुमारे तीस टक्के घरांत नळाचं पाणी नाही. काही ठिकाणी विहिरी आहेत, पण युरेनियमच्या बंद पडलेल्या खाणींनी त्यातल्या काही नासवल्या आहेत. १८६४ साली अमेरिकी लष्कराने या लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोत नेऊन डांबलं होतं. १८६८ च्या तहानंतर ते आपल्या भूमीत परतले. भूमी मिळाली, नळ अजून पोचायचा आहे. आम्ही 'साहस' म्हणून जे करत होतो ते त्या रांगेतल्या माणसांचं रोजचं काम होतं. आम्ही अर्धीच टाकी भरली आणि निघालो. थोरली बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आपण कंटाळलो तर घर घेऊ शकतो ना?" घेऊ शकतो, असं मी म्हटलं. ते खरंच होतं, आणि आमच्यातला नि त्यांच्यातला सगळा फरक त्या एका उत्तरात आला.

मी स्वतः लातूरची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते लातूर. तेव्हा मी डॅलसला होते, आणि टीव्हीवर ती पाण्याची गाडी बघत असताना माझ्या अंगणातले स्प्रिंकलर हिरवळीवर पाणी उडवत होते. आईने ते सगळं अंगावर काढलं. पाणी कधी येणार हे ठाऊक नसताना घागरी, पिंप, बादल्या, पातेली भरून ठेवणं, आणि शेवटी घरातली प्रत्येक गोष्ट किती तांब्यांत होते याचा हिशेब.

ती आई एका हिवाळ्यात आमच्याकडे आली. आम्ही ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटला होतो. हे वाळवंटातलं छोटंसं गाव, पण थंडीत तिथे आरव्हीवाल्यांची लाखोंची जत्रा भरते. अमेरिकेच्या भूव्यवस्थापन खात्याच्या ताब्यात सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. तिच्यावर बऱ्याच ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो, पण साधारण चौदा दिवसांनी हलायचं. क्वार्ट्झसाइटजवळ मात्र लांब मुक्कामाची खास जागा आहे: १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, तेव्हा सगळ्या हंगामाचे १८० डॉलर पडायचे. वीज नाही, नळ नाही. पाणी भरायची आणि टाक्या रिकाम्या करायची एक सामायिक जागा. बाकी निवडुंग आणि आकाश. वीज आमच्या छतावरच्या सोलर पॅनेलची.

मला धास्ती होती. आईचे गुडघे दुखतात, तिला जेवायच्या टेबलाचा पलंग करून त्यावर झोपवायचं, आंघोळीला दोन मिनिटांचा शॉवर. ती आली, तिने भिंतीवरचा तो लहानसा पॅनेल बघितला, ज्यावर टाक्यांचे दिवे असतात. पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. कुठला दिवा कशाचा ते विचारून घेतलं. रात्री मी भांडी घासायला लागले तशी मागून हाक आली.

"काय करायलीस गं?"

"भांडी."

"नळ चालू ठेवून?"

तिने मला बाजूला केलं. दोन पातेली मागितली. आधी प्रत्येक ताट कागदाने पुसून घेतलं, तेलकट भांडी वेगळी काढली. पहिल्या पातेल्यात तीन तांबे पाणी नि साबणाचे चार थेंब. त्यात आधी पेले, मग ताटल्या, मग पातेली, शेवटी तवा. दुसऱ्या पातेल्यात स्वच्छ पाणी. त्यात तोच क्रम. तांदूळ धुतलेलं पाणी तिने आधीच बाजूला ठेवलं होतं, त्यात तव्याचं ओशट निघालं. शेवटचं पाणी बादलीत ओतून संडासात टाकायला ठेवलं. पॅनेलवरचा दिवा जागचा हलला नाही. मी इतके दिवस व्हिडिओ बघून पाणी वाचवायला शिकत होते.

तिच्या मुक्कामात टाकी पूर्वीपेक्षा दुप्पट दिवस पुरू लागली. शेजारचं मिनेसोटाचं निवृत्त जोडपं येऊन विचारू लागलं, पाच माणसांत हे कसं जमतं? मी दुभाषी. आई म्हणे, "त्यांना सांग, नळावर भरवसा ठेवायचा नाय." संध्याकाळी आम्ही तिला गावात फिरवलं. तिथे दगडांचा एक पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. १८५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने या वाळवंटात वाहतुकीसाठी उंट आणून पाहिले. त्यांच्याबरोबर तुर्की साम्राज्यातून आलेल्या हाजी अली या उंटवाल्याची ही समाधी, १९३५ साली बांधलेली. लष्कराने प्रयोग सोडून दिला, हाजी अली मात्र इथेच राहिला नि इथेच १९०२ मध्ये वारला. आईने उंटाला नमस्कार केला आणि विचारलं, "याला तरी पाणी पुरलं का?"

आत आलेलं पाणी कुठेतरी जातंही. ट्रेलरच्या पोटात दोन प्रकारच्या टाक्या असतात: ग्रे, म्हणजे मोरीचं पाणी, आणि ब्लॅक, म्हणजे संडास. त्या भरल्या की डंप स्टेशनवर जायचं, हातमोजे चढवायचे, जाड नळी जोडायची, आधी ब्लॅक सोडायची आणि मग ग्रे, म्हणजे मोरीच्या साबणपाण्याने नळी धुऊन निघते. हे काम आम्ही आळीपाळीने करतो. आमच्या दोन्ही घराण्यांत आपल्या घरचा मैला स्वतः हाताळणारी आमची पहिलीच पिढी असावी. पिढ्यान्‌पिढ्या ते दुसऱ्या कुणीतरी केलं, आणि ते 'कुणीतरी' कोण हे आपल्याकडे जात ठरवत आली. कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडाससफाई हे आपलं काम मानलं आणि त्यासाठी साध्या संडासांचे प्रयोग केले, हे मी शाळेत वाचलं होतं. वाचून फार काही झालं नव्हतं. डंप स्टेशनवर उभं राहून झालं. आईला आधी किळस आली, आणि जावयाला ते करताना बघून तर ती ओशाळलीच. तिसऱ्या खेपेला मात्र तीच बाहेर येऊन नळीचा उतार नीट आहे का ते बघत होती. मुलांना या सगळ्याची ना किळस, ना शरम. त्यांना ठाऊक आहे की फ्लश केल्यावर काहीही नाहीसं होत नाही, ते फक्त खाली जातं आणि पुढच्या आठवड्यात आई किंवा बाबा ते रिकामं करतात.

शाळेचं विचाराल तर टेक्ससमध्ये ते सोपं आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये घरच्या शाळेला खासगी शाळेचा दर्जा दिला; वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व हे विषय शिकवले की झालं. नोंदणी नाही, तपासनीस नाही. थोरली सकाळी दोन तास बसते. शनिवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर चालणारी मराठी शाळा ऑनलाइन असते. नेटवर्क असेल तर.

हा सोपेपणा मला अधूनमधून टोचतो. आमच्या मराठवाड्यातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड कामगारांचे तांडे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुलं बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर. फडाजवळ पालाच्या कोपीत पाच-सहा महिने. तीही मुलं फिरत वाढतात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, तरी धाकट्या भावंडाला सांभाळायला आणि पाणी आणायला मोठी बहीण लागतेच, आणि तिची शाळा सुटते. माझी मुलगी शाळेत जात नाही, त्याला लोक 'वर्ल्ड स्कूलिंग' म्हणतात. ऊस तोडणाऱ्याची मुलगी शाळेत जात नाही, ती 'शाळाबाह्य'. दोघी एकाच वयाच्या आणि दोघींच्या घराला चाकं. एकीच्या आईबापाला कधी थांबायचं ते ठरवता येतं, एवढाच फरक, आणि तोच मोठा. म्हणून 'मुलांना मोकळं वाढवतोय' असं वाक्य आमच्या तोंडून आता निघत नाही.

तसं आमच्या मुलांचंही काही सुटतंच. मैत्री पटकन जमते. कॅम्पग्राउंडवर सायकल बाहेर काढली की दहा मिनिटांत टोळी तयार. पण रविवारी कुणाचं तरी घर निघून जातं. धाकटा त्याला सरावला आहे, थोरली नाही. तिला एकच मैत्रीण हवी आहे, रोज दिसणारी. दुखणंखुपणं आलं की आम्हालाही एकाच जागी असावंसं वाटतं. विमा राज्यापुरता, ओळखीचा डॉक्टर हजार मैलांवर, आणि रात्री दोनला धाकट्याचा कान ठणकतो. शिवाय तीस फुटांत भांडायला खोली नसते. आम्ही दोघं पिकअपमध्ये जाऊन काचा वर करून भांडतो. मुलांना ते माहीत आहे. थोरली एकदा शेजाऱ्यांना म्हणाली, "ते ट्रकमध्ये मीटिंग घेताहेत."

त्यामुळे येत्या वर्ष-दोन वर्षांत थोरलीसाठी आम्ही कुठेतरी टेकू. त्याचं वाईट वाटत नाही. बघण्यासारखं होतं ते पुष्कळ बघितलं. मुलांच्या अंगी लागलं ते वेगळंच: पाणी संपतं, वीज संपते, गॅस संपतो, जागा संपते, आणि जे वापरलं ते कुठेतरी जाऊन पडतं. डॅलसच्या घरात हे त्यांना सांगून पटलं नसतं, कारण तिथे सगळं भिंतीआड चालायचं.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक हल्ली विचारतात, आपल्याकडे हे जमेल का? गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत, आणि महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही जाहीर केलं आहे. मी त्यांना एकच गोष्ट विचारायला सांगते. गाडी कितीची, आत एसी आहे का, तंबू केवढा, हे नंतर. टाकी कुठे भरणार आणि कुठे रिकामी करणार? मुक्कामाच्या गावाला स्वतःलाच पाणी पुरतं का? आणि ती ब्लॅक टाकी कोण उघडणार, आपण की गावातलं 'कुणीतरी'? याची उत्तरं असतील तर मुलांना घेऊन खुशाल निघा. नसतील तर सध्या एसटीने जा. तिलाही चाकं आहेत आणि मुलांना खिडकी मिळते.